दुसऱ्या अंकात

पार्नूच्या नाट्यगृहात, पडद्यामागे डाव्या हाताला
एक लांब टेबल. त्यावर पांढरा कागद,
कागदावर वस्तूंच्या कडा गिरवलेल्या:
कंदील. दोन मग. माशांची टोपली. बंदराचं रजिस्टर.
जे जिथून उचललं, ते तिथंच परत.
टेबल रिकामं असतं तेव्हाच नीट वाचता येतं,
उर्वे म्हणायची.

नाटकवाले याला प्रॉपर्टी म्हणतात.
पहिल्या दिवशी मला हसू आलं. केवढी ही इस्टेट!
फोमचा पाव, थर्माकोलचा नांगर,
कापडाचे सात हेरिंग, रंगवलेले,
आणि पोटात वाळू.
वाळू कशाला? प्रेक्षकाला थोडीच दिसणार!
"हलकी वस्तू उचलली
की हात खोटं बोलतो," ती म्हणाली,
आणि आठव्या वेळी मला टाका उसवायला लावला.

पाव माझा. कोरसमधल्या कुणीतरी
तालमीत भुकेच्या भरात त्याचा लचका तोडला.
मी नवा करायला घेतला. तिनं थांबवलं,
दातांच्या खुणांवर तपकिरी हात फिरवला:
"आत्ता झाला पाव."

मग पहिला प्रयोग, पहिल्या अंकातलं वादळ,
खलाशांचा नाच आला न् गेला
आणि दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराचा चष्मा
कुणाच्या तरी टाचेखाली.
मध्यंतर वीस मिनिटांचं.
त्यातली अठरा आम्ही काचा जुळवण्यात घालवली.
उरलेल्या दोनात तिनं नाकावरचा स्वतःचा काढला,
स्कर्टला पुसला, काल्यूच्या तळहातावर ठेवला.
"जपून. उणे सात नंबर आहे."

त्या रात्री काल्यू जिना चाचपत चढला,
दिव्याची काच त्यानं बोटांनी शोधली,
आणि वरचा स्वर, तालमीत कधीच धड न लागलेला,
लागला.
पेपरात आलं: वार्धक्य असं अंगात मुरवावं
तर याच नटानं.
अहो, त्याला दिसत नव्हतं!

मी बाजारातून साध्या काचेचा आणला, हुबेहूब तसाच.
काल्यूनं डोळ्यांना लावला, जिन्याकडे पाहिलं,
माझ्या हातात परत दिला.
"यातून सगळं दिसतं," म्हणाला.

झालं. मग रोज मध्यंतरात
चष्मा तिच्या नाकावरून टेबलावर, टेबलावरून त्याच्या नाकावर.
एकेचाळीस प्रयोग
उर्वे दुसऱ्या अंकात विंगेतल्या स्टुलावर,
हात मांडीवर, समोर नुसतं
पिवळं, मग निळं, मग पिवळं.
"कडी करकरली नाही," मध्येच कुजबुजायची,
"रेनरनं कंदील डाव्या हातात घेतलाय,
वळताना दारावर आपटेल, धर."
मी धावायचो. कंदील माझ्या हातात यायचा
गरम, आणि अख्खा.
एकदा म्हणाली, सहाच मासे पडले.
सातवा खरंच वाद्यवृंदाच्या खड्ड्यात सापडला,
चेलोवाल्या बाईच्या पर्सखाली.

शेवटच्या प्रयोगानंतर सगळं खोक्यांत गेलं.
मी टेबलावरचा कागद सोडवायला लागलो,
तर कोपऱ्यात दोन वर्तुळं, मध्ये एक कमान.
बाकी प्रत्येक आकृतीखाली नाव, अंक, प्रवेश.
हिच्याखाली काहीच नाही.
कधी काढली होती कोण जाणे.

"चित्रीकरण केलंय त्यांनी," मी म्हटलं.
"दुसरा अंक. बघणार?"
ती खोक्याला चिकटपट्टी लावत होती.
"तालमीत पाहिलाय की.
तेव्हा एवढा चांगला नव्हता."

सकाळी आम्ही मासे घेऊन किनाऱ्यावर गेलो.
मार्च होता, पाण्याला अजून बर्फाची कड.
एकेकाचं पोट उसवून वाळू ओतली.
ज्याची त्याला, ती म्हणाली,
आणि रिकामी कातडी झटकून
पुढच्या नाटकासाठी
खिशात कोंबली.